एक भागाकार, तीन उत्तरपत्रिका आणि दोन फसवे ताळे

बीजगणिताच्या सरावासाठी घेतलेल्या एका चाचणीत पुढील प्रश्न होता: ६क्ष⁴ − ५क्ष³ − क्ष − ७ या बहुपदीला २क्ष − ३ या बहुपदीने भागून भागाकार व बाकी लिहा आणि उत्तराचा ताळा घ्या. पद्धतीची सक्ती नव्हती. दीर्घ भागाकार किंवा संश्लेषक भागाकार (क्ष न लिहिता फक्त सहगुणकांचा, म्हणजे क्ष च्या घातांना गुणणाऱ्या संख्यांचा, तक्ता करून केलेला भागाकार) यांपैकी कोणतीही पद्धत चालणार होती. तपासणीच्या वेळी त्यातल्या तीन उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवाव्या लागल्या, कारण तिन्हींत बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकाराची एकही चूक नव्हती आणि तरीही तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळत नव्हती.

पहिल्या उत्तरपत्रिकेत दीर्घ भागाकार करून भागाकार ३क्ष³ + २क्ष² + ३क्ष + ४ आणि बाकी ५ असे उत्तर लिहिले होते. ताळा मात्र घेतलेला नव्हता. दुसरीत संश्लेषक पद्धतीने भागाकार ६क्ष³ + ४क्ष² + ६क्ष + ८ आणि बाकी ५ आली होती, आणि त्याखाली शेष सिद्धांताने (भाजक शून्य करणारी क्ष ची किंमत भाज्यात ठेवली की बाकी मिळते, या नियमाने) घेतलेला ताळा व्यवस्थित जुळला होता. तिसरीतही संश्लेषक पद्धतच वापरली होती; तिथे भागाकार ३क्ष² + २क्ष + ५/२ आणि बाकी १/२ होती, आणि क्ष = १ ठेवून घेतलेला ताळाही जुळला होता. म्हणजे ज्याने ताळा घेतला नाही त्याचे उत्तर बरोबर होते, आणि ज्या दोघांनी ताळा घेऊन खात्री करून घेतली त्यांची उत्तरे चुकली होती. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगे वाटले ते याच कारणाने.

यांपैकी एकच उत्तर बरोबर असू शकते, हे आधी पक्के करून घेतले पाहिजे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, आणि बाकीची कोटी, म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घातांक, भाजकाच्या कोटीपेक्षा कमी (किंवा बाकी शून्य), या दोन अटी पाळणाऱ्या भागाकार-बाकीच्या दोन वेगवेगळ्या जोड्या आहेत असे घटकाभर मानू. दोन्ही समीकरणांची वजाबाकी केली, की भाजक गुणिले दोन भागाकारांतील फरक हा दोन बाक्यांतील फरकाइतका येतो. भागाकारांत काही फरक असेल, तर डाव्या बाजूची कोटी भाजकाच्या कोटीहून कमी होऊच शकत नाही. उजवीकडे तर बाक्यांचीच वजाबाकी आहे आणि तिची कोटी भाजकाच्या कोटीहून कमीच राहणार. तेव्हा भागाकारांतील फरक शून्य आणि म्हणून बाक्यांतील फरकही शून्य. ‘पद्धत वेगळी म्हणून उत्तर वेगळे’ हा बचाव, जो उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर हमखास ऐकू येतो, इथेच संपतो.

आता पहिल्या उत्तरपत्रिकेतील मांडणी जवळून पाहू, कारण पुढील दोन्ही चुकांचा उलगडा तिच्यातच आहे. विद्यार्थ्याने भाज्य प्रथम प्रमाण रूपात, म्हणजे घातांकांच्या उतरत्या क्रमाने, आणि गाळलेल्या पदाच्या जागी शून्य सहगुणक देऊन लिहिले होते: ६क्ष⁴ − ५क्ष³ + ०क्ष² − क्ष − ७. पुढच्या पायऱ्या अशा होत्या.

६क्ष⁴ ÷ २क्ष = ३क्ष³; गुणाकार ६क्ष⁴ − ९क्ष³; वजा केल्यावर उरले ४क्ष³.
४क्ष³ ÷ २क्ष = २क्ष²; गुणाकार ४क्ष³ − ६क्ष²; वजा केल्यावर उरले ६क्ष².
६क्ष² ÷ २क्ष = ३क्ष; गुणाकार ६क्ष² − ९क्ष; वजा केल्यावर उरले ८क्ष.
८क्ष ÷ २क्ष = ४; गुणाकार ८क्ष − १२; वजा केल्यावर उरले ५.

प्रत्येक पायरीत वरच्या ओळीतील पुढचे पद खाली उतरवून घेतलेले आहे, आणि वजाबाकी करताना −५ − (−९) = ४ अशी चिन्हे कंसात लिहून सांभाळलेली आहेत. दीर्घ भागाकारात सर्वाधिक चुका याच वजाबाकीत होतात. हा विद्यार्थी त्यांतून वाचला तो कंसांमुळे. मांडणी लांबट आहे, क्ष हे अक्षर पुन्हा पुन्हा लिहावे लागले आहे आणि पान भरले आहे, पण प्रत्येक ओळीत आपण कशाने भागतो आहोत आणि कोणत्या घातावर आहोत हे डोळ्यांसमोर राहते. या शेवटच्या वाक्याचे महत्त्व पुढे दिसेल.

दुसऱ्या उत्तरपत्रिकेत २क्ष − ३ = ० मांडून क्ष = ३/२ काढले होते आणि सहगुणक रूपात पुढील तक्ता केला होता.

३/२ | ६  −५  ०  −१  −७
  |    ९  ६  ९  १२
  | ६  ४  ६  ८ | ५

पहिला सहगुणक ६ तसाच खाली घेतला; ६ × ३/२ = ९ हे −५ खाली लिहून बेरीज ४; ४ × ३/२ = ६ हे ० खाली लिहून बेरीज ६; आणि असेच शेवटपर्यंत. तक्त्यात एकही आकडा चुकलेला नाही, गाळलेल्या पदाचे शून्यही जागेवर आहे. तरीही तळच्या ओळीतून वाचलेला भागाकार खऱ्या भागाकाराच्या दुप्पट आहे.

हा तक्ता आणि पहिल्या उत्तरपत्रिकेतील दीर्घ भागाकार शेजारी ठेवले, की चूक कुठे झाली ते कोणी सांगावे लागत नाही. तक्त्याच्या मधल्या ओळीतले ९, ६, ९, १२ हे आकडे दीर्घ भागाकारातल्या −९क्ष³, −६क्ष², −९क्ष आणि −१२ यांचेच सहगुणक आहेत; वजाबाकीऐवजी बेरीज करायची म्हणून त्यांचे चिन्ह बदललेले आहे, इतकेच. आणि तळच्या ओळीतले ६, ४, ६, ८, ५ कुठून आले? ते आहेत दीर्घ भागाकारात प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला समोर असलेल्या अग्रपदांचे, म्हणजे सर्वांत मोठ्या घाताच्या पदांचे, सहगुणक: ६क्ष⁴, ४क्ष³, ६क्ष², ८क्ष, आणि शेवटी उरलेली बाकी ५. दीर्घ भागाकारात यांतल्या पहिल्या चारांना २क्ष ने भागून ३, २, ३, ४ हे भागाकाराचे सहगुणक मिळवले होते. तक्त्यात ती भागण्याची पायरीच नाही. भाजकाचा अग्रसहगुणक १ असेल तर १ ने भागणे आणि न भागणे सारखेच, म्हणून तळची ओळ हाच भागाकार ठरतो. अग्रसहगुणक २ असेल, तर तळची ओळ ही भागायच्या राहिलेल्या संख्यांची यादी असते.

संश्लेषक भागाकार ही दीर्घ भागाकाराहून वेगळी अशी पद्धत नाहीच, असे माझे मत आहे. दीर्घ भागाकारातून जे जे न लिहिता चालते ते ते पुसून टाकले, की जे उरते तो हा तक्ता. क्ष पुसला, कारण घात रकान्यावरून कळतो. भाजकाचे अग्रपद पुसले, कारण ते क्ष आहे असे गृहीत धरले. प्रत्येक गुणाकारातले पहिले पद पुसले, कारण ते वजाबाकीत नाहीसे होणारच. वजाबाकी पुसून बेरीज आणली, कारण भाजकातल्या स्थिर पदाचे चिन्ह आधीच बदलून घेतले. यांतली एकेक गोष्ट पुसताना एकेक अट गुपचूप मान्य केलेली असते, आणि चूक होते ती या अटीचा विसर पडल्यावर.

बीजगणिती समीकरणात पाहिले तर दुसऱ्या विद्यार्थ्याने जे सिद्ध केले ते असे आहे: ६क्ष⁴ − ५क्ष³ − क्ष − ७ = (क्ष − ३/२)(६क्ष³ + ४क्ष² + ६क्ष + ८) + ५. हे समीकरण शंभर टक्के खरे आहे. फक्त त्याचा भाजक क्ष − ३/२ आहे, आणि प्रश्नात २क्ष − ३ होता. पहिल्या कंसाला २ ने गुणून आणि दुसऱ्याला २ ने भागून (२क्ष − ३)(३क्ष³ + २क्ष² + ३क्ष + ४) + ५ हे रूप मिळते. दोन कंसांचा गुणाकार तोच राहतो, म्हणून बाकीला हात लावायचा नाही. सामान्यपणे भाजक अक्ष − ब असेल, तर ब/अ घेऊन तक्ता करावा, तळच्या ओळीतील बाकीखेरीज सर्व आकड्यांना अ ने भागावे आणि बाकी जशीच्या तशी ठेवावी.

‘मग सुरुवातीलाच भाज्य आणि भाजक दोघांनाही २ ने भागून घेतले तर?’ हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि तो चांगला प्रश्न आहे. तसे केल्यास सहगुणक ३, −५/२, ०, −१/२, −७/२ होतात आणि तळाशी ३, २, ३, ४ व बाकी ५/२ येते. भागाकार थेट बरोबर आला, पण आता बाकी निम्मी झाली. तिला २ ने गुणायला हवे. संख्यांच्या भागाकारातही हेच घडते: १७ ला ६ ने भागल्यास बाकी ५, आणि ३४ ला १२ ने भागल्यास भागाकार तोच पण बाकी १०. म्हणजे या वाटेने गेले तरी एक दुरुस्ती शिल्लक राहतेच, शिवाय अपूर्णांक सुरुवातीपासून सांभाळावे लागतात ते वेगळेच. मी स्वतः पहिलीच वाट सुचवतो.

तिसऱ्या उत्तरपत्रिकेतील विद्यार्थ्याला अग्रसहगुणकाची ही गोष्ट माहीत होती. त्याने तळची ओळ २ ने भागली होती आणि बाकी तशीच ठेवली होती. त्याचा तक्ता असा होता.

३/२ | ६  −५  −१  −७
  |    ९  ६  १५/२
  | ६  ४  ५ | १/२

क्ष² चे पद प्रश्नात लिहिलेले नव्हते, म्हणून तक्त्यातही त्याला रकाना मिळाला नाही. सहगुणक रूपात घात लिहिलेला नसतो, तो जागेवरून ओळखायचा असतो; एक जागा गाळली की तिच्या डावीकडचे प्रत्येक पद एका घाताने खाली घसरते, अगदी जसे ६०५ मधले शून्य गाळले की सहाशेचे साठ होतात. या विद्यार्थ्याने भागले ते ६क्ष³ − ५क्ष² − क्ष − ७ या बहुपदीला, आणि तिच्यासाठी त्याचे उत्तर पूर्णपणे अचूक आहे.

अशा रीतीने दोन्ही चुकलेल्या उत्तरपत्रिकांत उत्तर बरोबर आणि प्रश्न भलताच, असा प्रकार झाला आहे. दुसऱ्याने भाजक बदलला, तिसऱ्याने भाज्य बदलले, आणि दोघांनीही हे तक्त्याची पहिली ओळ लिहितानाच केले, म्हणजे आकडेमोड सुरू होण्याच्याही आधी. संश्लेषक भागाकारात शिक्षक आणि विद्यार्थी दोघांचेही लक्ष गुणा-मिळवा-गुणा-मिळवा या लयीकडे असते. ती लय इतकी सोपी आहे की तिच्यात चुका क्वचितच होतात. खरा धोका प्रश्न तक्त्यात उतरवून घेण्यात आणि तळची ओळ वाचण्यात, म्हणजे दोन टोकांना आहे.

राहिला प्रश्न ताळ्यांचा, आणि या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग तोच आहे. दुसऱ्या विद्यार्थ्याने शेष सिद्धांत वापरून मूळ बहुपदीत क्ष = ३/२ ठेवले: २४३/८ − १३५/८ − ३/२ − ७ = ५. बाकी जुळली आणि त्याने उत्तराखाली रेघ ओढली. पण क्ष = ३/२ या किमतीला भाजक शून्य होतो; भाजक × भागाकार हा गुणाकार शून्य होतो, आणि मग भागाकाराच्या जागी काहीही लिहिलेले असले तरी ताळा जुळतो. शेष सिद्धांत फक्त बाकी तपासतो. शिवाय संश्लेषक तक्त्याची शेवटची बेरीज म्हणजे बहुपदीची त्या किमतीला येणारी किंमतच असते: (((६ × ३/२ − ५) × ३/२ + ०) × ३/२ − १) × ३/२ − ७ असे कंस उघडत गेले, की तक्त्याची तळची ओळ एकेक आकड्याने समोर येते. चार गुणाकार आणि चार बेरजा-वजाबाक्यांत चौथ्या कोटीच्या बहुपदीची किंमत काढण्याच्या या रीतीला आज इंग्लिश गणिती हॉर्नर यांचे नाव आहे. त्यांचा याविषयीचा निबंध १८१९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला, पण त्याआधी इटलीत रुफिनी यांनी आणि कितीतरी आधी, १२४७ मध्ये, चीनमधील चिन जिउशाओ यांनी समीकरणांची मुळे काढताना ती वापरली होती. म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याचा ताळा हा एका अर्थी तक्त्याचीच दुसऱ्या अक्षरात केलेली नक्कल होती.

तिसऱ्याचा ताळा अधिक फसवा आहे. त्याने क्ष = १ ठेवले. मूळ बहुपदीची किंमत ६ − ५ − १ − ७ = −७. त्याच्या उत्तरातून येणारी किंमत: भाजक −१, भागाकार ३ + २ + ५/२ = १५/२, म्हणून −१५/२ + १/२ = −७. तंतोतंत जुळले. कारण उघड आहे: १ चा कोणताही घात १ च असतो, त्यामुळे ६क्ष⁴ चे ६क्ष³ झाले हे क्ष = १ ला दिसतच नाही. क्ष = ० घेतले असते तरी फरक पडला नसता; तिथे केवळ स्थिर पद उरते, आणि (−३)(५/२) + १/२ = −७ हेही जुळते. ताळ्यासाठी विद्यार्थी हटकून ० किंवा १ निवडतात, कारण त्या किमतींना आकडेमोड हलकी असते, आणि गाळलेल्या शून्याच्या चुकीला नेमक्या याच दोन किमती आंधळ्या आहेत. क्ष = −१ थोडी बरी: तिथे सम आणि विषम घात वेगळे दिसतात, म्हणून एक रकाना गाळला तर चूक पकडली जाते, मात्र लागोपाठ दोन रकाने गाळले तर तीही निसटते.

क्ष = २ घेतल्यास मूळ बहुपदीची किंमत ९६ − ४० − २ − ७ = ४७ येते आणि भाजक सोयीस्करपणे १ होतो. पहिल्या उत्तरपत्रिकेसाठी भागाकार २४ + ८ + ६ + ४ = ४२, अधिक बाकी ५, एकूण ४७. दुसरीसाठी ८४ + ५ = ८९, तिसरीसाठी १८ १/२ + १/२ = १९. तिन्ही उत्तरांची एका ओळीत छाननी झाली. अर्थात एका किमतीला जुळणे ही सिद्धता नव्हे. दोन्ही बाजूंची कोटी ४ असताना पाच वेगवेगळ्या किमतींना जुळले तरच दोन्ही बाजू एकच असल्याचे सिद्ध होते, आणि तेवढ्या श्रमात सरळ गुणाकार करून पाहणे परवडते.

याहूनही स्वस्त असा एक ताळा आहे, जो मी कागदावर काही लिहिण्याआधीच घेतो. भाजकाचे अग्रपद आणि भागाकाराचे अग्रपद यांचा गुणाकार भाज्याच्या अग्रपदाइतका आला पाहिजे. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत २क्ष × ६क्ष³ = १२क्ष⁴ येते, हवे होते ६क्ष⁴. तिसरीत २क्ष × ३क्ष² = ६क्ष³, हवे होते ६क्ष⁴; चौथ्या कोटीच्या बहुपदीला पहिल्या कोटीच्या बहुपदीने भागल्यावर दुसऱ्या कोटीचा भागाकार येणे शक्यच नाही. दोन्ही चुका एका नजरेत सापडल्या, कारण प्रश्न उतरवताना झालेल्या चुकांची खूण बहुधा अग्रपदावर उमटते. मधल्या पदांतल्या चिन्हांच्या चुका या ताळ्याला सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी क्ष = २ आहेच.

गुणांचा निर्णय करताना दोन्ही चुका एकाच तागडीत तोलता आल्या नाहीत. दुसऱ्या विद्यार्थ्याला एक नियम माहीत नव्हता, आणि तो न सांगता सुचणे अवघड आहे. त्याचे तक्त्याचे आणि बाकीचे गुण पूर्ण दिले, भागाकाराचे कापले. तिसऱ्याला अधिक अवघड नियम माहीत होता, पण प्रमाण रूप लिहिण्याची पहिली पायरी त्याने गाळली आणि समोर आलेल्या दुसऱ्या कोटीच्या भागाकाराकडे संशयाने पाहिले नाही. त्याचे गुण जास्त कापले. पहिल्याला ताळ्याचे गुण मिळाले नाहीत, कारण प्रश्नात ताळा मागितला होता.

पुढच्या सरावात मुद्दाम तीच बहुपदी ठेवून भाजक क्ष² + १ दिला. इथे भाजकाला शून्य करणारी वास्तव संख्या नाही, त्यामुळे ३/२ सारखे काही डावीकडे लिहिता येत नाही, आणि बऱ्याच जणांनी संश्लेषक पद्धत इथे चालत नाही असे म्हणून दीर्घ भागाकार केला: भागाकार ६क्ष² − ५क्ष − ६, बाकी ४क्ष − १. पण तक्ता म्हणजे आटवलेला दीर्घ भागाकार हे लक्षात घेतले, तर तो इथेही मांडता येतो, कारण अग्रसहगुणक १ आहे. भाजकात क्ष चे पद नाही आणि स्थिर पद १ आहे, म्हणून तळाच्या प्रत्येक आकड्याला −१ ने गुणून तो गुणाकार लगतच्या रकान्यात न लिहिता त्यापुढच्या रकान्यात लिहायचा.

−१ | ६  −५  ०  −१  −७
  |       −६  ५  ६
  | ६  −५  −६ | ४  −१

भाजकाची कोटी २ असल्याने शेवटचे दोन रकाने बाकीचे आहेत, म्हणून उभी रेघ एक रकाना अलीकडे सरकली, आणि −६ नंतर गुणाकार थांबला. भाज्यात क्ष² च्या जागी −१ ठेवून पाहिले तरी हीच बाकी येते: ६ + ५क्ष − क्ष − ७, म्हणजे ४क्ष − १. हा ताळाही फक्त बाकीचाच आहे; भागाकारासाठी क्ष = २ ठेवले, भाजक ५, भागाकार २४ − १० − ६ = ८, बाकी ७, आणि ५ × ८ + ७ = ४७.